दुसरी हाक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हटलंय — झोप झाली नसेल बिचाऱ्यांची. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. दारव्ह्याच्या शाळेत बाईंनी 'असं का?' विचारायला शिकवलं, त्या जोरावर स्कॉलरशिप मिळाली आणि एम.एस्सी.साठी स्कॉटलंडला गेले. बाईंचे ते उपकार मोठे आहेत. म्हणूनच हे लिहिताना थोडी लाज वाटते... पण मनात ठेवूनही जमत नाही.

आधी बाबांबद्दल सांगते. बाबा दारव्हा–दिग्रस काळी-पिवळी जीप चालवायचे. स्टँडवर "दिग्रस, दिग्रस, दिग्रेऽऽस" ही त्यांची हाक बाजाराच्या गर्दीतूनही ओळखू यायची. मला शाळेतून न्यायला आले की गेटवरूनच "अर्चूऽऽ" — शेवट लांब ओढून, वर चढवून. आणि नेहमी दोनदा.

दोनदा, कारण आमच्याकडे तशी रीत आहे. रानात, ओसाड जागी कोणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही. शेतात जाताना बाबांनीच बजावलं होतं, "माणूस असन तं दुसऱ्यांदा बलावनच, माय. बाहेरचं असन तं एकदाच बलावते. तू दुसरीची वाट पाहाची." मी हसायचे, पण सवय लागलीच. तिकडे फ्लॅटवरही कोणी मागून हाक मारली की मी पटकन ओ देत नसे. सगळ्यांना वाटायचं, हिला कमी ऐकू येतं.

पहिल्याच सेमिस्टरला युनिव्हर्सिटीच्या आउटडोअर क्लबने वीकेंड ट्रिप काढली. डोंगराळ भागात मुक्काम, शनिवारी दिवसभर चढाई. माझी फ्लॅटमेट सायली, पुण्याची, तिने माझंही नाव देऊन टाकलं. क्लबचे उसने बूट मला मोठे होत होते, म्हणून मोज्यांवर मोजे घातले.

चढताना सायलीचं सुरू होतं. "अर्चना, तुमच्या यवतमाळला डोंगर असतात का गं?"

"आहेत. पण तिथं लोक देवाले जातात. गंमत म्हणून कोणी चढत नाई."

"'नाई'! परत म्हण ना एकदा."

"तू आधी चढ. दम लागून राह्यला तुले."

दुपारी वरच्या सपाटीवर पोचलो आणि धुकं आलं. आपल्याकडे हिवाळ्यात शेतावर उतरतं तसलं नाही — कोणी पांढरी चादर डोक्यावरून टाकावी तसं. आमचा लीडर कॅलम म्हणाला, एकमेकांना सोडू नका. तेवढ्यात माझ्या बुटाची लेस सुटली. मी वाकले, बांधली, उठले... पुढे कोणी नाही. सायलीचं बोलणं उजवीकडून येतंय असं वाटलं. मी तिकडे भरभर चालू लागले.

आणि मागून हाक आली. "अर्चूऽऽ."

बाबांचा आवाज. तसाच ओढलेला, तसाच चढवलेला. मला भीती वाटली नाही, हे आज आठवून नवल वाटतं. बरं वाटलं. शाळा सुटल्यावर वाटायचं तसं. ओ अगदी ओठांवर आली होती... आणि सवयीने मी तोंड मिटलं. जागच्या जागी उभी राहिले, दुसरी हाक येईल म्हणून कान देऊन. किती वेळ, सांगता येत नाही.

दुसरी आलीच नाही. वारा आला आणि धुकं फाटलं. माझ्या पावलांपुढे जरासं गवत होतं आणि मग काहीच नव्हतं. खूप खाली काळ्या पाण्याचं तळं दिसत होतं.

मी मागे सरकून खाली बसले. डावीकडून कॅलमची शिट्टी ऐकू आली, मग सगळे आले. कॅलमने ती कड पाहिली, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सायली रडत रडत रागावली. "कुठे तडफडली होतीस? घसा फाटेपर्यंत ओरडत होते मी."

"काय म्हणून ओरडत होतीस?"

"अर्चना म्हणून. दुसरं काय म्हणणार?"

तिकडे मला अर्चू म्हणणारं कोणीच नव्हतं. तिचं ओरडणंही मला ऐकू आलं नव्हतं.

मुक्कामाच्या जागी मोबाइलला रेंज नव्हती. रविवारी शहरात परतल्यावर आईचा फोन लागला. बाबांना शनिवारी संध्याकाळी स्टँडवरच झटका आला होता. यवतमाळला भरती केलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हणजे स्कॉटलंडमधल्या शनिवारच्या दुपारीच... वेळेचा फरक मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिला.

सुट्टी मिळाल्यावर घरी आले तेव्हा करीमचाचांनी सगळं सांगितलं. ते बाबांच्या शेजारी जीप लावायचे.

"गाडी भरत आलती बेटा. तुहा बाप दिग्रस-दिग्रस करून राह्यला होता, अन् एकदम 'अर्चूऽऽ' म्हणून ओरडला. मले वाटलं तूच आली का काय. मी इकडं तिकडं पाह्यलं. मंग त्यानं हात करून समद्यांले चूप केलं. असा कान लावला... जसा कोणाचा जवाब ऐकून राह्यला. पुन्हा हाक माराले तोंड उघडलं, पण आवाजच नाई निघाला. तसाच खाली बसला."



डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात माणूस मनातलं काहीही बोलून जातो. थंडीत, थकव्यात कानाला भास होतात, हे मी स्वतः वाचलं आहे. दोन्ही पटतं. दोन्ही एकाच वेळी का घडलं, याचं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

घरी आल्यावर बाबांच्या खाटेजवळ बसून मी त्यांना सांगितलं, "बाबा, मले ऐकू आलतं. तुमची हाक आली म्हणूनच मी थांबली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले, पण हल्ली त्यांचे डोळे कशानेही भरतात. समजलं की नाही, आईलाही सांगता येत नाही.

लोक म्हणतात, ओ दिली नाहीस तेच बरं केलंस, रीत उगाच नसते. असेलही. पण इकडे स्टँडवर गाड्यांच्या गर्दीत माझे बाबा सगळ्यांना गप्प करून कान देऊन उभे होते, आणि तिकडे डोंगरावर मी ओठ मिटून. ओ दिली असती तर त्यांना ती ऐकू गेली असती का... हे मला आता कोणीच सांगू शकणार नाही.