मुनीफने खाली ठेवलेली कॉफी

माझा चुलतभाऊ मुनीफ अम्मानमध्ये भविष्य विकायचा. कोणतं यंत्र कधी येणार, कोणाची नोकरी जाणार, हे कंपन्यांना सांगायचं आणि पैसे घ्यायचे. वीस वर्षं हेच केलं. निम्मे अंदाज चुकले, पण तोवर कंपन्यांचे साहेब बदललेले असत, मग विचारतो कोण! अलीकडे मात्र तो फार थकला होता. भाषण देऊन आला की बूटही न काढता सोफ्यावर आडवा व्हायचा.

त्यानेच खेड्यांत दवाखाने चालवणाऱ्या एका कंपनीला लिहून दिलं, की खेड्यातले दवाखाने लवकरच फोनमध्ये येतील. कंपनीने बंद करायला पहिला दवाखाना निवडला तो नेमका आमच्या गावचा, करकच्या डोंगरातला.

मग गावची माणसं त्याच्या घरी आली. पुढे म्हातारे अबू सत्ताम. मुनीफने कॉफी दिली. अबू सत्तामांनी कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. मागणं मान्य झाल्याशिवाय ते पिणार नव्हते, आणि न पिता उठले असते तर मुनीफला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"अरे, तुझी काकू पोराशी बोलतानासुद्धा फोन उलटा धरते," अबू सत्ताम म्हणाले. "ती त्यावर नाडी दाखवणार? तुझा अंदाज मागे घे."

"काका, मागे घेतला तर माझं दुकानच बंद होईल."

"मग गावी ये. आमच्या शेळ्यांना भविष्य सांग."

सगळे हसले. मुनीफही हसला. मग म्हणाला, "प्या कॉफी. शब्द दिला."

दुसऱ्याच दिवशी तो कंपनीत गेला. "माझं चुकलं," वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुनीफसाहेब, बंद करायचं आमचं आधीच ठरलं होतं. कागदावर फक्त तुमचं नाव हवं होतं."

दवाखान्याला कुलूप लागलं. पुढे गावात एक लग्न निघालं. दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून तो यायला तयार नव्हता, मी त्याला ओढतच नेलं. अबू सत्तामांनी स्वतः कॉफी ओतून दिली. मुनीफने कप घेतला आणि खाली ठेवला. मांडवातले सगळे आमच्याकडे वळले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोल, काय मागतोस?" अबू सत्तामांनी विचारलं.

आयुष्यभर स्टेजवर बोललेला माणूस, त्याचे ओठ नुसते हलले.

अबू सत्तामांनी गार झालेली कॉफी ओतून टाकली आणि कप पुन्हा भरला.

"पी बाबा," ते म्हणाले. "दिलं."