अर्धलीची पाटी

धंदा बुडवायला अक्कल लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी माझे धाकटे दीर पाहिलेले नाहीत. भाऊजी प्रत्येक धंदा पूर्ण विचार करून बुडवत. संगमनेरच्या एका दूध डेअरीत जन्म काढल्यामुळे जगातला कुठलाही व्यवहार त्यांना गोठ्यातूनच समजे. लेकीला स्थळ बघताना मुलाचं फॅट किती लागतं, एवढंच त्यांनी विचारायचं बाकी ठेवलं. नातीनं ई-रीडर आणून दिला (भाऊजी त्याला पाटी म्हणत), तर वाचायचं सोडून किंमतच चिवडत बसले. "वहिनी, पाटी स्वस्त आन पुस्तकं लई महाग. म्हैस पडत्या भावात गळ्यात मारायची, कमवायचं दुधावर. डाव हाय हा!" मी म्हटलं, "मग नका घेऊ." तर म्हणाले, "आसं कसं? आपुन अर्धलीनं देऊ."

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, करडं निम्मी-निम्मी. भाऊजींनी पेन्शनीतून आणखी पाट्या घेतल्या, सगळ्या आपल्याच खात्याला जोडल्या आणि भावकीत वाटल्या. पाटी फुकट; पुस्तक मात्र ज्यानं-त्यानं विकत घ्यायचं, म्हणजे ते सगळ्यांच्याच पाटीवर दिसेल. भावकी हुशार. प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेळीला करडू व्हायची वाट बघत बसला.

पुस्तकं घेतली ती फक्त मी, कारण पाटीवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि माझ्या डोळ्यांनी छापील पानाशी कधीच काडीमोड घेतला होता. नवी सून असताना मी वाचनालयातला जाडजूड वैचारिक ग्रंथ गावाला दिसेल असा काखेत मिरवत आणायची आणि चुलीपुढे रहस्यकथा वाचायची, तीही शेवटच्या पानापासून. खुनी कोण हे कळल्याशिवाय माझ्या पोळ्या गोल होत नसत. विद्वत्ता काखेतच राहिली, खोड तेवढी टिकली. पण आता खातं एकच! मी शेवट उघडला की शेजारच्या घरात भाऊजींची पाटी विचारी, 'दुसऱ्या यंत्रावर शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं?' की भिंतीपलीकडून आरोळी येई, "वहिनी, मागं या! खुनी आजून गावात यायचाय!"

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि बोलणं नेलं. आजारही अर्धलीनंच आला. लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली, त्यांची पाटीही सोबत गेली. भावकीतल्या पाट्या कपाटात गेल्या. फोनवर लेक वडिलांबद्दल म्हणते, "काकू, दादा बरे आहेत." लेकी असंच म्हणतात. म्हणून मी रोज सकाळी चहा झाला की आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडते आणि पाटी ओट्यावर ठेवून भाजी निवडायला घेते. दुपारपर्यंत पाटी विचारतेच, मागच्या अमुक पानावर जायचं का. ते पान कालच्यापेक्षा थोडं पुढे असतं.

परवा तिनं दिवसभर काहीच विचारलं नाही. भाजी निवडून झाली, करून झाली, ताट मी तसंच झाकून ठेवलं. दिवेलागणीला पाटी उजळली. फक्त एक पान पुढे.

मी 'हो' दाबलं आणि मुकाट मागं आले.