मेजरने विचारलंच नाही

मेजरने मला फसवलं. बाकी कुणाची ती हिंमत झाली नाही. फुटपाथवर मोडक्या खुर्च्या विकता विकता मी लालबागला जुन्या फर्निचरचं दुकान उभं केलं; समोरच्याने तोंड उघडायच्या आधी त्याच्या मनातला भाव मला कळतो. या एका माणसाच्या मनातलं तेवढं कळलं नाही.

मेजर आमच्याच चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. सैन्यात अधिकारी झाला तरी सुट्टीवर चाळीतच उतरायचा. त्याच्याइतकं नालायक गिऱ्हाईक मुंबईत दुसरं झालं नसेल. सांगितलेल्या भावाला तो सरळ हो म्हणायचा. एकदा पापलेटाचे मागितले तेवढे पैसे त्याने निमूट काढले, तर कोळीण भडकली. "अरे मेल्या, भाव तरी कर! बोहनीलाच तोंड बंद करतोस माझं?" म्हणत तिने रागारागाने दोन बांगडे वर टाकले. मी जन्मभर घासाघीस केली. मला कुणी शेपूटसुद्धा फुकट दिलं नाही.

शिवाय तो सूट. भर मे महिन्यात, गल्लीत लोक बनियनवर बसलेले असताना, हा काळा सूट आणि पांढरे हातमोजे घालून, हातात चपटी काळी पेटी घेऊन निघायचा. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बँडमध्ये वाजवतोस काय रे?"

"हो काकू, पण आमच्या बँडचा आवाज बाहेर येत नाही."

तो फ्रीमेसन होता. बंद दाराआड सभा भरवणारं हे जुनं बंधुमंडळ. फोर्टातल्या त्यांच्या इमारतीला आमची म्हातारी माणसं जादूघर म्हणायची. आत कवट्या नाचवतात, अशी चाळीची खात्री होती. मी खोदून खोदून विचारलं की मेजर म्हणायचा, "वेळेवर जेवतो, शेठ." एकदाच जरा मोकळा झाला. म्हणाला, "आमच्या साहेबांचा कारकून यंदा सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो आणि साहेब त्याला वाकून बंधू म्हणतात. कोण कुठल्या चाळीतला, कुठल्या जातीचा, तिथे कुणी काढत नाही."

ते मला लागलं. मी सातवी नापास. गणपतीच्या वर्गणीला माझी आठवण सगळ्यांना येते, पण चार शिकल्यासवरल्या माणसांनी "या, बसा" म्हणावं असं घर मला मिळालं नाही. त्या सभेत मला बसायचं होतं, आणि मेजरनेच मला बोलवावं असं फार वाटायचं. पण मागायचं कसं? धंद्यात जो आधी बोलला तो बुडाला. म्हणून दर सुट्टीत मी त्याला दुकानातल्या चांगल्या खुर्चीत बसवायचो, चहा मागवायचो आणि गप्प राहायचो. गप्प बसून मी भल्याभल्यांना वाकवलंय. हा गडीही गप्प. चहावर साय यायची.

मग निघताना म्हणायचा, "शेठ, काही विचारायचंय का तुला?"

"मला? मला काय विचारायचंय? तुला सांगायचं असेल तर सांग."

तो हसायचा आणि जायचा. शेवटच्या खेपेला उंबऱ्यात जरा जास्त वेळ थांबला. "बघ हं, शेठ. विचार." मी म्हटलं, "जा रे, गाडी चुकेल."

मग डोंगरात लढाई पेटली. पुढच्या ठाण्यांना रसद पोचवताना त्याची गाडी दरीत गेली.

चाळीत बिगूल वाजला, सलामी झाली, गर्दी पांगली. काळ्या सुटातली काही माणसं मात्र जिन्याशी उभी होती. त्यांतला एक पारशी म्हातारा माझ्याजवळ आला. "तू फर्निचरवाला ने? दर सुट्टीला सांगायचा, या वेळी माझा शेठ नक्की विचारेल."

"मग त्याने का नाही विचारलं मला?" मी ओरडलोच.

"आमच्यात कोणाला बोलवत नाय, डिकरा. ज्याला यायचा, त्याने स्वतः विचारायचा. जुनी रीत हाय." त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्याला काही वर्षं झाली. हल्ली मला भांडायचाही कंटाळा येतो. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला कधी कधी देऊन टाकतो. पण हे सोडणार नाही. दोन माणसं समोरासमोर बसतात, दोघांना एकच गोष्ट हवी असते, आणि एका नियमापायी ती राहून जाते. मेजर तर सुटला. हा नियम ज्या कुणी केला, त्याने माझ्या दुकानात यावं, समोर बसावं आणि मला उत्तर द्यावं. या वेळी आधी मीच बोलेन.