तासगावच्या विहिरीचं पाणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सांगलीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. द्राक्षबागांतलं फवारणीचं औषध विहिरींत उतरतं का, हे मला बघायचं होतं. तेव्हा आम्ही लिटरभर पाण्यात हेक्झेन हा औषध ओढून घेणारा द्रव घालून दंड भरून येईस्तोवर हलवायचो. पण हेक्झेनच इतकं अशुद्ध, की दिसतंय ते पाण्यातलं औषध की बाटलीतली घाण, कळायचं नाही.

मग माझ्या मार्गदर्शक सरांच्या परदेशातल्या मित्रानं एक सुई पाठवली. तिच्या आत केसासारखा काचेचा तंतू, त्यावर लेप. तंतू अर्धा तास पाण्यात बुडवायचा, औषध लेपाला चिकटतं, मग तोच औषध मोजणाऱ्या यंत्राच्या तापलेल्या तोंडात घालायचा. हेक्झेन लागतच नाही.

तासगावजवळच्या एका विहिरीवर बागेत मजुरी करणाऱ्या एक मावशी पाणी न्यायला यायच्या. मी बाटली भरताना त्या म्हणाल्या, "आवं बाई, काय निघंल ते आमाला बी सांगा. सून पोटुशी हाय."

"सांगते," मी म्हणाले.

त्या पाण्याचा आलेख आला. औषधाचं टोक उंच, स्वच्छ. म्हणजे विहिरीत औषध उतरलं होतं. खात्रीसाठी पुन्हा तंतू बुडवला, आणि सुई यंत्रात घालताना माझा हात हलला. तंतू आतच मोडला.

सर रागावले नाहीत. "एकाच मोजणीवर काही लिहायचं नाही," म्हणाले, "आणि बाहेर बोलायचंही नाही."

त्यांनी मित्राला पत्रं लिहिली. दुसरी सुई आली नाही. मी पुन्हा हेक्झेन घेऊन बसले. आलेखावर नुसती हेक्झेनमधल्या अशुद्धीची गर्दी.

महिन्याभरानं विहिरीवर गेले, तर मावशी होत्याच.

"काय निघालं?"

"अजून पक्कं नाही."

"मंग प्यायला हरकत न्हाई न्हवं?"

मी गप्प राहिले. त्यांनी तो होकार धरला आणि हंडा डोक्यावर घेतला.

पुढं बागेतल्या गड्याकडून कळलं, सुनेचं मूल जन्मतःच गेलं. पाण्यानं की आणखी कशानं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मला तर ते विचारायचंही धाडस झालं नाही. संशोधन अर्धवट टाकून मी साताऱ्याला शाळेत शिकवायला लागले. मावशींना एकदा भेटायला हवं होतं. साताऱ्याहून तासगावला जाणं काही अवघड नव्हतं. मी गेले नाही.