उडून गेलेलं मीठ

हिंगणीहून वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत एक तरुण मुलगी शेजारी बसली. माझ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या दिसताच तिने मांडीवरचा डबा छातीशी धरला. तळहात ओढणीला पुसूनच ती त्याला हात लावायची.

“काय हाये त्यात, बाई?”

“उन्हापासून वीज करणारी काच, काका. पेरोव्हस्काइटची. ओल लागली की खराब होते. बनवताना चिमूटभर मीठ टाकतो, खायचं नाही, वेगळं असतं; म्हणजे आतले थर उभे राहतात. आडवे पडले तर वीज अडते.”

“मंग त्या मिठाचं काय होते?”

“तापवलं की उडून जातं. नंतर शोधलं तरी सापडत नाही.”

मी जुड्या दूर सरकवल्या.

माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तिचा फोटोही नाही. तिने एकत्र बसवलेले आम्ही तिघं भाऊ अजून एकाच चुलीवर जेवतो.