नमुन्याच्या फोटोतली आजी

आमच्या घराच्या भिंतीवर बरेच फोटो आहेत आणि त्यांतला एकही आमचा नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, कॉलेजात गेल्यावर.

आई घरी बसून फोटोफ्रेम जुळवते. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका कारखान्यातून माल येतो. चौकटी, काचा, पाठीमागचे पुठ्ठे आणि आत घालायचे छापील फोटो. दुकानात फ्रेम रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात जी हसरी माणसं असतात ना, ती. कारखान्याचा शेठ असल्या फोटोला 'पेपर' म्हणतो. आई फोटोच म्हणते. ज्याचा कोपरा दुमडलाय किंवा रंग पसरलाय, तो बाद. बाद फोटो कारखाना परत घेत नाही आणि आई टाकत नाही.

त्यामुळे मोरिवलीतल्या आमच्या खोलीत बर्फाचे डोंगर आहेत. धुक्यातल्या पुलावर लाल छत्री घेतलेली मुलगी आहे, टोपी घालून झोपलेलं गोरं बाळ आहे, आणि एक तळं आहे, इतकं नितळ की त्यात झाडं उलटी दिसतात. खिडकीतून दिसते ती समोरच्या कंपनीची भिंत. बाबा पाळी संपवून आले की तळ्यासमोर बसून चहा पितात. फोटोंबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण एकदा तळ्याची चिकटपट्टी सुटली होती, तेव्हा कपडेही न बदलता त्यांनी आधी ती लावली. मी स्वतः त्या पुलावरून लहानपणी कितीदा गेले असेन. पलीकडे काय आहे ते रोज वेगळं ठरवायचे. बाद झालेल्या कागदात एवढं कुठून येतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

या सगळ्यांत एकच फोटो फ्रेममध्ये आहे. एक म्हातारी. परदेशातली असावी. डोक्याला रुमाल बांधलाय, रुमालातून पांढरे केस निसटलेत, मागे उंच गवत, आणि ती कपाळावर आडवा हात धरून लांब कुणाकडे तरी बघतेय. खालच्या कोपऱ्यात 'आठ बाय दहा' असं माप छापलंय. ते आईने चौकटीखाली बरोबर दडवलंय.

"माझी आई अशीच बघायची," आई सांगते. "आम्ही ओढ्यावर खेळत असलो की दारात यायची, असा हात धरून."

आईची आई, म्हणजे माझी आजी, आई शाळेत जायच्या आधीच गेली. तिचा फोटो कुणाकडे नव्हता. आईला तिचा चेहरा आठवत नाही, हात आठवतो. त्यामुळे आम्हा भावंडांची आजी म्हणजे ती रुमालवाली. परीक्षेला निघताना आम्ही तिलाच नमस्कार करायचो.

शेजारच्या काकूही हेच काम करतात. त्या आईला चिडवायच्या, "अगं, कालच्या मालात तुझी आई दोन डझन होती बघ. एक तर मी उलटीच लावली."

"मग सरळ करा लवकर," आई म्हणायची. "डोक्यात रक्त उतरेल तिच्या."

कॉलेजात इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं, घरातला सर्वांत जुना फोटो आणा आणि त्याबद्दल चार वाक्यं बोला. मी घरी येऊन भिंतीसमोर उभी राहिले. त्यांत आमचा एकही नव्हता. मग बदलापूरच्या पुढे गावी राहणाऱ्या मामाला फोन केला. तो आईपेक्षा मोठा, त्याला आजी चांगली आठवते. तो म्हणाला, "बघतो बाय, कोनाकडं काय हाय का."

कॉलेजातला तो दिवस येऊन गेला. माझ्याकडे फोटो नाही, असं मी मॅडमना सांगितलं. त्यानंतर मामाने मोबाईलवर एक फोटो पाठवला, आणि मागोमाग त्याचा आवाज आला: "शेजारच्यांच्या लग्नातला हाय. कडंला हिरव्या पातळाची उभी हाय ना, तीच आपली आय."

लग्नातल्या बायकांची रांग होती. रंग उडालेले. कडेला एक लहानखुरी बाई, अर्धी दुसरीच्या खांद्याआड. हात कपाळावर नव्हता. कुणाची वाट बघितल्यासारखी तर ती मुळीच दिसत नव्हती. नुसती अवघडून उभी होती.

आईला मी तो लगेच दाखवायला हवा होता. पण मला भीती वाटली. एवढी वर्षं आईने जिला आई म्हटलं, ती हिच्यासारखी जराही नव्हती. ही बघून आईला ओळख पटली नाही तर? आणि पटली, तर मग त्या भिंतीवरच्या आईचं काय? आधीच एक आई गेली होती. दुसरी माझ्या हातून जायला नको होती.

तरी मी कॅम्प चारमधल्या स्टुडिओत गेले. म्हटलं, निदान मोठा करून घेऊ. स्टुडिओवाले अंकल स्क्रीनवर बघत म्हणाले, "बेटा, ही बाजूवाली काढून टाकतो. पीछे मस्त गार्डन देतो. दादीला थोडी स्माईल पण देऊ?"

"नको," मी म्हटलं. "फक्त मोठा करा."

"अरे, अच्छा दिसेल!"

"नको अंकल. तिला अजून कुणीतरी ओळखायचंय."

दुपारी आई काचा पुसत होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं आणि मामाने पाठवलाय एवढंच सांगितलं. तिने हात पुसून फोटो काढला. आधी कामाच्या नजरेने बघितलं. "कड वाकडी कापलीये," ती म्हणाली. मग रांगेतल्या एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत ती कडेच्या हिरव्या पातळाशी थांबली.

"किती बुटकी होती," शेवटी ती म्हणाली. "मला उंच आठवते."

मी पुसलेल्या काचा बाजूला सरकवल्या.

"मीच लहान होते ना." तिने फोटो जरा लांब धरला, मग जवळ आणला. "अगं, ही तर माझ्यापेक्षा लहान आहे. पोरगी आहे नुसती. हिचे केस कुठे पिकले?"

मग ती उठली आणि तिने रुमालवालीची फ्रेम खिळ्यावरून काढली. आई फ्रेम मांडीवर घेऊन बसली. नेहमीप्रमाणे कोपऱ्यांपासून सुरू करून तिने काच पुसली आणि फ्रेम पुन्हा जिथल्या तिथे अडकवली. टवका उडालेली एक बाद चौकट शोधून काढली. हिरव्या पातळाची आजी तिच्यात बसवली, पुठ्ठा लावला, पत्र्याच्या पट्ट्या अंगठ्याने वाकवल्या. मला म्हणाली, "खिळा ठोक. तिच्या शेजारीच."

संध्याकाळी काकू तयार माल एकत्र बांधायला आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ही कोण गं नवीन?"

"आई."

काकूंनी रुमालवालीकडे बघितलं, मग आईकडे. "मग ही?"

"ती पण आईच." आई सुतळी सोडवत होती. "वयात फरक आहे."

काकू दोन्ही फ्रेमच्या जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि नीट बघितलं.

"तरुणपणी फारच बारीक होत्या गं," काकू म्हणाल्या, आणि माल बांधायला खाली बसल्या.