बुरशीला कढत पाणी

सकाळचे बरोबर सव्वासात. चुलीवर बादलीभर पाणी खदखदत होतं आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते. हसू नका बरं! असा शहाणपणा तुम्ही कुणी केला नसेल.

वांग्याचा वीस गुंठ्यांचा तुकडा सासूबाईंनी माझ्या हाती दिला होता. आमचे हे सुप्याला कंपनीत. म्हणाले होते, "वांगी साधली तर नोकरी सोडून घरी येतो." आमची ईश्वरी तीन वर्षांची. बाप म्हणजे मोबाईलमध्ये राहणारा माणूस, अशी तिची समजूत. मग मी त्या वांग्यांना किती जपत असेन, सांगा!

आणि नेमकं बंबाखूचं तण निघालं. वांग्याच्या बुडाशी फिकट कोंब, पान नाही, नुसती निळसर फुलं येतात, आणि मुळातनं सगळा रस पिऊन घेतो मेला.

कृषी खात्याच्या ताई म्हणाल्या, "फुलायच्या आधी उपटत राहा. निंबोळी पेंड घाला, युरिया मापात द्या. ही पावडर गुळाच्या पाण्यात भिजवून बुडाशी ओता. बंबाखूला मारणारी जिवंत बुरशी आहे, लेकरासारखी जपा."

झालं! ईश्वरीला जुलाब झाले तेव्हापासून मी न उकळलेल्या पाण्याला शिवत नाही. बुरशीलाही उकळलेलंच दिलं. गरम गरम! गूळ कसा झटकन विरघळला!

सासूबाई ओरडल्या, "अगं, निवू तरी दे!"

"न्हाई आत्या, गारठा बाधंल तिला."

"बुरशीला?"

"जिवंत हाय ती!"

वर औषध दिलंय म्हणून मी उपटायचंही सोडलं. पंधरा दिवसांत सगळं रान निळं झालं आणि वांगी माना टाकून बसली.

ताईंनी विचारलं, "पाणी कसलं घेतलं होतं?"

"उकळलेलं!" मी ऐटीत सांगितलं.

ताई हसल्या नाहीत. बांधावर बसल्या. "मनीषाताई, बुरशी बादलीतच मेली हो."

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मी तो ईश्वरीच्या हातात दिला. ईश्वरीनंच सांगून टाकलं, "पप्पा, आईनं बुरशीला चटका दिला!"

हे खूप हसले. मग म्हणाले, "बरं. पुढच्या साली बघू."

वांगी-टोमॅटो लावणारी कुणी भेटली तर एवढं सांगा, बंबाखू फुलायच्या आधी उपट आणि बुरशी गार पाण्यात कालव. न्हाईतर तिच्याही लेकराचा बाप मोबाईलमध्येच राहील.